वनोपजाच्या अनुदानाचा विनियोग

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पडू लागली की गडचिरोली भागातील कुटुंबे पहाटेच टोपल्या घेऊन रानात जातात. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो व ती आग पुष्कळदा रानात पसरते. फुले मातीवरच वाळविल्याने त्यांत खडे व वाळू मिसळते आणि भाव पडतो. त्यातून हाती पैसा नसल्यामुळे माल हंगामातच विकावा लागतो, हे तर अधिक मोठे कारण होय.

केंद्र सरकारने 14 एप्रिल 2018 रोजी वनधन योजना सुरू केली. 20 सभासदांचे 15 बचत गट, म्हणजे 300 संग्राहक, मिळून एक केंद्र व त्यास 15 लाख रुपयांपर्यंत अनुदान, असे प्रमाण तीत ठरविण्यात आले. माणशी हे 5,000 रुपये होतात. रक्कम फार मोठी नव्हे. म्हणून असे अनुदान प्रथम यंत्रावर खर्चू नये. यंत्र चारचौघांत दिसते, त्याचे उद्घाटनही होते. पण स्वच्छ मालावाचून ते बंदच राहते. आधी झाडाखाली बांधावयाच्या जाळ्या घ्याव्यात. फुले जाळीत पडली की आग लावण्याचे कारणच उरत नाही. नंतर वाळविण्याचा ओटा, ताडपत्री, तोलकाटा व ओल न लागणारे कोठार. नियमांत बसेल तितकी रक्कम खेळते भांडवल म्हणून राखावी व माल घेताच संग्राहकास पैसे चुकते करावेत, म्हणजे तो व्यापाऱ्याकडे जाणार नाही.

ग्रामसेवकांनी गटांची बैठक माघातच घ्यावी. फुले पडू लागल्यावर जाळ्या मागविण्यात हंगाम निघून जातो.