घरपट्टीचा आकडा आणि घराचे मोल

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरले की मंगला गौरीचे देऊळ लागते. या परिसरात आणि लगतच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे वास्तव्य करून आहेत. घाटावरील बिंदुमाधवाच्या आजच्या मंदिराशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव निगडित आहे. येथील घरांच्या दारांवर ‘के. २४’ अशा अक्षराने व अंकाने सुरू होणारे क्रमांक दिसतात. ‘के’ म्हणजे कोतवाली विभाग. त्यापुढचा आकडा मोहल्ल्याचा आणि तिरप्या रेषेनंतरचा आकडा घराचा. वाराणसी नगर निगमाच्या दप्तरी घराची ओळख हीच, आणि दरवर्षीचे गृहकराचे देयक याच क्रमांकावर येते. मराठी घरांत त्यास अद्याप घरपट्टी असेच म्हणतात.

या देयकावर ‘वार्षिक मूल्य’ या शीर्षकाखाली एक रक्कम छापलेली असते. ‘मूल्य’ या शब्दामुळे अनेकांची अशी समजूत होते की शासनाने ठरविलेली घराची किंमत हीच. वाटणीच्या, विक्रीच्या किंवा कर्जाच्या प्रसंगी ही समजूत फार महागात पडू शकते.

उदाहरणादाखल मंगला गौरीच्या गल्लीतील एक तीनमजली घर कल्पावे. प्रत्येक मजला ८०० चौरस फुटांचा, बांधकाम शतकापूर्वीचे, मालक स्वतःच राहत असलेले. वडिलांच्या पश्चात तीन वारस आहेत. थोरले बंधू त्याच घरात राहतात, धाकटे पुण्यास नोकरी करतात आणि बहीण इंदूरला सासरी आहे. घर आपल्याकडे ठेवून इतर दोघांना त्यांच्या हिश्शाची रक्कम द्यावी, असा थोरल्यांचा विचार आहे. हिशोबासाठी त्यांनी देयकावरील वार्षिक मूल्य घेतले, त्याची वीसपट केली आणि तीन भाग पाडले. बहिणीने एवढेच विचारले, “दादा, या कागदावर घराची किंमत कुठे लिहिली आहे?”

हा प्रश्न रास्त आहे. कारण वार्षिक मूल्य ही मुळात घराची किंमत नसून वर्षभराच्या भाड्याचा एक मानीव आकडा आहे. उत्तर प्रदेश नगर निगम अधिनियम, १९५९ च्या कलम १७४ मध्ये तो काढण्याची रीत दिलेली आहे. दर चौरस फुटामागे मासिक भाड्याचा किमान दर नगर आयुक्त ठरवितात. त्यासाठी घराचे ठिकाण, बांधकामाचा प्रकार, जिल्हाधिकाऱ्यांनी मुद्रांक शुल्काकरिता ठरविलेला सर्कल रेट आणि त्या भागातील प्रचलित किमान भाडे या गोष्टी विचारात घेतल्या जातात. घरासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही दर अवलंबून असतो. मंगला गौरीच्या गल्ल्यांतून बैल समोर आला तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. तेव्हा येथील घरे दराच्या खालच्या पायरीवर राहणार हे उघड आहे. पुढे मालक स्वतः राहत असल्यास घराच्या वयानुसार सूट मिळते. दहा वर्षांपर्यंतच्या घरास २५ टक्के, दहा ते वीस वर्षांच्या घरास ३२.५ टक्के व त्याहून जुन्या घरास ४० टक्के.

आता वरील घराचा हिशोब मांडता येईल. एकूण आच्छादित क्षेत्र २,४०० चौरस फूट. त्याचे ८० टक्के म्हणजे १,९२० चौरस फूट हे चटईक्षेत्र धरले जाते. दर केवळ सोयीसाठी महिन्याला चौरस फुटामागे एक रुपया मानल्यास वर्षाचे २३,०४० रुपये होतात. त्यातून ४० टक्के वजा जाता वार्षिक मूल्य १३,८२४ रुपये उरते आणि १२ टक्के दराने गृहकर सुमारे १,६५९ रुपये येतो. थोरल्यांच्या वीसपटीच्या हिशोबाने गंगाकाठच्या तीनमजली घराची किंमत २,७६,४८० रुपये आणि बहिणीचा हिस्सा ९२,१६० रुपये ठरला असता. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. परंतु तो हक्क अशा आकड्याने मोजला गेला तर त्यात फारसे काही उरत नाही.

येथे थोरल्या बंधूंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हाती असलेला एकमेव सरकारी कागद त्यांनी प्रमाण मानला, एवढेच. धाकट्या बंधूंची चूक नेमकी उलट दिशेची होती. काशी विश्वनाथ धामाच्या प्रकल्पासाठी मंदिराभोवतीच्या ३०० हून अधिक मिळकती खरेदी करण्यात आल्या आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील मोबदल्याच्या वार्ता पुण्यापर्यंत पोहोचल्या होत्या. तोच भाव आपल्या घरासही मिळेल, असे त्यांनी गृहीत धरले. परंतु ती खरेदी एका सार्वजनिक प्रकल्पाकरिता, ठरावीक रेषेच्या आतील मिळकतींची होती. रेषेबाहेरच्या घराला तशी रक्कम देणारा ग्राहक मिळेलच असे नाही.

अशा वेळी स्वतंत्र मूल्यांकनकार उपयोगी पडतो. त्याचा प्रश्नच निराळा असतो. जाणता विक्रेता व जाणता खरीददार, दोघांवरही दडपण नसताना, अमुक तारखेस कोणत्या किमतीवर एकमत होतील? उत्तरासाठी तो सर्वसाधारणपणे तीन वाटांनी जातो. आसपासच्या तत्सम घरांचे व्यवहार पाहतो, घरापासून मिळू शकणाऱ्या भाड्याचे भांडवली मूल्य काढतो, अथवा जमिनीची किंमत व बांधकामाचा झीज वजा जाता खर्च यांची बेरीज करतो. मंगला गौरीसारख्या भागात यांपैकी पहिली वाट अरुंद असते. पिढ्यान्‌पिढ्या घरे विकलीच जात नाहीत, आणि जी विकली जातात त्यांच्या खरेदीखतावरील रक्कम सर्कल रेटच्या आसपास घुटमळते. सर्कल रेट म्हणजे बाजारभाव नव्हे, हे न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितले आहे. मुद्रांकासाठीची मूल्यनोंदवही भूसंपादनात बाजारमूल्याचा पुरावा ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जवाजी नागनाथम प्रकरणी दिला होता.

त्यामुळे मूल्यांकनकाराला घर प्रत्यक्ष पाहावे लागते. लाखौरी विटांच्या भिंतींना ओल आहे काय, लाकडी तुळया वाकल्या आहेत काय, १९७८ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते, हे तो विचारतो. त्या वर्षी वाराणसीत गंगेने ७३.९० मीटरची पातळी गाठली होती. धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. गच्चीवरून नदी दिसत असेल तर मोल वाढते, कारण यात्रेकरू व परदेशी प्रवाशांना खोल्या देण्याची शक्यता त्यात असते. दुसरीकडे, गंगाकाठच्या २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामास बंदी आहे आणि दुरुस्तीसाठीही वाराणसी विकास प्राधिकरणाची परवानगी लागते. जुने घर पाडून तेथे उंच इमारत उभी करू इच्छिणारा ग्राहक यामुळे आपोआप बाद होतो. एखाद्या खोलीत १९७२ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या काळापासूनचा भाडेकरू नाममात्र भाड्यावर असेल, तर रिकाम्या घराच्या मानाने किंमत बरीच उतरते. तो कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला असला तरी जुन्या भाडेकरूकडून ताबा मिळविणे हे आजही वेळखाऊ काम आहे. यांतील बहुतेक बाबी गृहकराच्या देयकात कोठेही उमटत नाहीत.

दोन्ही आकड्यांतील अंतर केवळ काशीतच आढळते असे नाही. मुंबई महानगरपालिकेने १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारण्यास आरंभ केला. त्यासाठी मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरचा आधार घेतला. कर व बाजारभाव यांतील दरी त्यामुळे मिटावी, अशी अपेक्षा होती. तथापि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही नियम रद्द ठरविले. जमिनीवर पुढे कधी काय बांधता येईल याचा विचार करून आज कर लावता येणार नाही, आजची स्थिती हाच आधार असावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. कर व किंमत यांच्यातील खरा भेद येथेच आहे. करआकारणी आजच्या वापराकडे पाहते, तर खरीददार उद्याच्या शक्यतेचे पैसे मोजतो. इंग्लंडमध्ये तर कौन्सिल टॅक्ससाठी घराचा गट अद्याप १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ठरतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही घर विकताना त्या गटाचा उपयोग नसतो.

बँकेकडे घर तारण ठेवताना याच कारणाने घरपट्टीच्या देयकावरून कर्जाची रक्कम ठरत नाही. बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकाराच्या अहवालात बहुधा वाजवी बाजारमूल्य, प्रत्यक्षात वसूल होऊ शकणारे मूल्य आणि तातडीच्या विक्रीत येणारे मूल्य असे तीन आकडे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्के व त्यापुढे ७५ टक्के इतकीच रक्कम देता येते. देयक मात्र मागितले जाते, ते थकबाकी नाही हे पाहण्यासाठी. त्यावर कोणाचे नाव आहे यावरूनही मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाचे कागद लागतात. केवळ एका भावाचे नाव कर नोंदवहीत आहे म्हणून त्याला एकट्याला संपूर्ण घर गहाण ठेवता येत नाही.

उलट बाजूने, स्वतंत्र मूल्यांकनाचा अहवाल घेऊन नगर निगमात गेल्याने कर कमी होईल असेही नाही. तेथे वाद किमतीचा नसतो. क्षेत्र, वय, वापर आणि रस्ता यांपैकी काही चुकीचे नोंदले असेल तरच हरकतीला अर्थ असतो, आणि त्यापुढील अपील लघुवाद न्यायाधीशांकडे चालते. जुन्या घरांत अशा चुका पुष्कळ सापडतात. आच्छादित क्षेत्राच्या ८० टक्के हे प्रमाण नव्या, पातळ भिंतींच्या घरांना ठीक आहे. मंगला गौरीच्या घरांत भिंती हात-दीड हात जाडीच्या असतात. शिवाय प्रत्यक्ष मोजणीत जिना, स्नानगृह व शौचालय वगळले जाते.

वरील घराची अशी मोजणी करून चटईक्षेत्र १,९२० ऐवजी १,५०० चौरस फूट निघाले, तर वार्षिक मूल्य १०,८०० रुपयांवर आणि कर १,२९६ रुपयांवर येईल. घराच्या बाजारमूल्यात मात्र त्याने एका रुपयाचाही फरक पडणार नाही. मूल्यांकनकाराने त्याच भिंती मोजलेल्या असल्यामुळे त्याच्या अहवालातील नकाशा हरकतीच्या अर्जास जोडता येतो. तिघा भावंडांनी दिलेल्या एकाच शुल्कात वाटणीचे आणि घरपट्टीचे, अशी दोन्ही कामे होतात.