सायकल सहलीतून चढाचा पाठ

हेतू : ‘सरासरी चढ’ म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस स्वानुभवाने कळावे.

विवेचन : सोलापूरच्या भवानी पेठेतून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. सोलापूरची उंची सुमारे ४५० मीटर, बालाघाट डोंगरातील तुळजापूरची सुमारे ६५० मीटर. म्हणजे दर २२५ मीटर अंतरास सरासरी १ मीटर चढ. फळ्यावर हे उत्तर बरोबर आहे; सायकलस्वारास मात्र ते फसविते, कारण खरा उभा चढ तुळजापूरच्या घाटात आहे.

वाटेची निवड : कोजागरी पौर्णिमेस हजारो भाविक या मार्गाने पायी जातात, तेव्हा वाहतूक वळविली जाते. एरव्ही हा जड वाहनांचा महामार्ग आहे. मुलांना त्यावर नेऊ नये. गावाजवळची, डोंगरपायथ्याची, वाहने क्वचित येणारी वाट शिक्षकांनी आधी स्वतः पाहून ठरवावी.

दक्षता : प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक तपासावेत. उतारावर मुलांमध्ये पुरेसे अंतर राखावे. चढावर उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा नाही, हे प्रथमच सांगावे.

स्वाध्याय : चाकाचा परीघ मोजून, फेरे मोजून वाटेचे अंतर काढावे.

सहलीची वेळ सरासरी वेगावरून आखू नये. सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाच्या गतीवरून आखावी.