माझं बघून ठरवू नकोस

चि. मीनूस,


काल तुझ्या आईचा फोन आला. सर्जनकडची तारीख तू परस्पर रद्द केलीस, दूध-दही सोडलंस, आणि वर विचारतेस, ‘काकूचं चाललंय ना ऑपरेशनशिवाय?’ माझं नाव पुढे करून डॉक्टरांना टाळतेस होय गं? रक्ताचं नातं नसताना पॅराथायरॉइडचा रोग तेवढा माझा उचललास!

माझं वय ७४, हृदय अशक्त. भूल झेपणार नाही म्हणून मला गोळ्यांवर ठेवलंय. तू ३४ची, मुतखडा दोनदा होऊन गेलेला. पन्नाशीच्या आत आणि त्यात खडे, म्हटल्यावर डॉक्टर ऑपरेशनच सांगणार.

आणि माझं कसलं चाललंय? सिनॅकॅल्सेट दोन वेळा, जेवणाबरोबर घेऊनही मळमळतं. त्याने रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम उतरतं, पण हाडं भरत नाहीत. हाडांसाठी दर रविवारी ॲलेंड्रोनेट: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. त्याने कॅल्शियम उतरत नाही. गळ्यातली गाठ आहे तिथेच. शिवाय सारख्या रक्ततपासण्या. तुला हे जन्मभर हवंय?

दूध कुणी सोडायला सांगितलं? खाण्यातलं कॅल्शियम तोडलं तर गळ्यातल्या त्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्तच चेकाळतात. दूध घे, पाणी भरपूर पी, डी जीवनसत्त्वाची पाकिटं मात्र मनाने फोडू नकोस.

माझ्या आईची पाठ वाकत गेली, तेव्हा सगळे ‘वय झालं’ म्हणाले. कॅल्शियम कुणी तपासलंच नाही. खुबा मोडला त्या वर्षी मी मुंबईत नोकरीत रमलेली, दिवाळीलाही गेले नाही. ते अजून सलतं.

खरं सांग, गाण्यासाठी घाबरलीस ना? आवाजाची नस त्या ग्रंथींच्या शेजारूनच जाते, खोटं कशाला सांगू? पण सरावलेल्या हाताला ती सांभाळता येते. ‘वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?’ असं सर्जनला तोंडावर विचार, लाजू नकोस. चारांतली बहुधा एकच ग्रंथी बिघडलेली असते. ती काढली की शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. माझं बघून ठरवू नकोस, बाळा.

रागावले, मनावर घेऊ नकोस. नवी तारीख मिळाली की कळव. मला बस लागते, तरी येईन. भाऊजींना स्टँडवर पाठव, आणि तुझ्या खोलीतच माझी गादी घाल.

तुझी,
काकू