स्तन-शस्त्रक्रियेनंतरची सूज : शारीरिक उपचारांचे साहाय्य

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची जखम भरून आली, की आजार सरला असे घरच्यांना वाटते. परंतु काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्याच बाजूच्या हातातील बांगड्या घट्ट होऊ लागतात. स्तन राखला असल्यास तो जड वाटतो, त्यावर चोळीच्या शिवणीचे वळ उमटून राहतात. पुष्कळ स्त्रिया संकोचाने हे कोणास सांगत नाहीत.

ही सूज बहुधा लसिकेची असते. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या गेल्या किंवा किरणोपचाराने त्यांना इजा झाली, म्हणजे ऊतींतील द्रवाचा परतीचा मार्ग अडतो. आरंभी सूज मऊ असते. दुर्लक्ष झाल्यास ती कठीण बनते व उतरविणे अवघड जाते. विदर्भात ती हत्तीरोगाची समजली जाण्याचा संभव आहे. पण त्या गोळ्यांनी ती उतरत नाही. रोग उलटल्याने किंवा शिरेत रक्ताची गुठळी झाल्यानेही सूज येते, म्हणून प्रथम डॉक्टरांची तपासणी अगत्याची आहे.

उपचाराचा मुख्य आधार दाब हा होय. हातावर प्रथम पट्ट्यांचे थर बांधतात आणि सूज उतरल्यावर मापाची घट्ट बाही वापरतात. स्तनासाठी आधार देणारी रुंद पट्ट्यांची चोळी असते. जोडीला लसिका-मर्दन. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत विकसित केली. आपल्याकडील तेलमालिश ती नव्हे! येथे त्वचा केवळ हलकेच ताणून द्रव निरोगी ग्रंथींकडे वळवितात. जोराने रगडल्यास अपायच व्हावयाचा.

अशा स्त्रीने कळशीही उचलू नये, असे दीर्घकाळ सांगितले जात असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, १४१ स्त्रियांवरील अमेरिकन अभ्यासात मात्र देखरेखीखाली वजन हळूहळू वाढवीत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, असे आढळले. अर्थात एकदम मोठा भार उचलणे निराळे.

हवेच्या दाबाची यंत्रे, मंद शक्तीचे लेसर किरण, त्वचेवर चिकटविण्याच्या लवचिक पट्ट्या हे पूरक उपाय होत. रुग्णास यंत्राचे आकर्षण अधिक. तथापि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि दाबपट्टीची जागा त्यांपैकी कोणीही घेत नाही.

विळ्याची चीर, काट्याची जखम वेळीच धुवावी. त्वचा लाल व गरम होऊन ताप आल्यास मर्दन थांबवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि वारंवारच्या संसर्गाने सूज बळावत जाते.