समुद्रातलं तेल, डोंगरातल्या बागा, आणि मधे अडलेला पैसा



धक्क्याची डागडुजी, होडी उतरवायचा रॅम्प, खाडीच्या तोंडाशी साचलेला गाळ. ह्या कामांसाठी "इतक्या कोटींची तरतूद" अशी बातमी आपण वाचतो, आणि दोन पावसाळे गेले तरी धक्क्याच्या सळ्या उघड्याच असतात. तरतूद झाली आणि पैसा आला, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नीट समजायला आज अमेरिकेतलं एक उदाहरण घेऊ. गोष्ट तिथल्या सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानांची आहे, पण त्यासाठीचा पैसा येतो समुद्रातून. म्हणून आपल्या पानावर तिला जागा.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे, देशाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. ३ सप्टेंबर १९६४ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि त्यातून 'जमीन आणि जल संवर्धन निधी' उभा राहिला. नदीकाठ, जंगल, किनारा विकत घेऊन सार्वजनिक करायचा, आणि राज्यांना, गावांना बागा, मैदानं, होडीचे रॅम्प, गळ टाकून मासे धरायचे धक्के बांधायला पैसे द्यायचे, हे त्याचं काम. राज्याला पैसे हवे असतील तर निम्मा खर्च स्वतः उचलायचा. आणि त्याहून कडक अट अशी की ह्या पैशातून झालेली बाग पुढे दुसऱ्या कामाला लावता येत नाही. लावायचीच असेल तर तितक्याच मोलाची दुसरी जागा बागेसाठी द्यावी लागते. बागेचं मैदान हळूच पार्किंगला गेलं, असं तिथे सहज होत नाही ते ह्या कलमामुळे.

सुरुवातीला निधीचे झरे बारीक होते. मोटरबोटीच्या इंधनावरचा कर, सरकारकडे पडून असलेल्या मालमत्तेची विक्री, उद्यानांची प्रवेश फी. पुरेना. मग १९६८ मध्ये खोल समुद्रातल्या तेल आणि वायूच्या भाडेपट्ट्यांतून सरकारला जी रक्कम मिळते, तिचा हिस्सा ह्या निधीला जोडला. विचार सरळ होता. समुद्राच्या तळातलं तेल ही सगळ्यांची ठेव, एकदा काढलं की संपलं. ठेव मोडायचीच तर तिचा काही भाग कायम टिकेल अशा सार्वजनिक गोष्टीत घाला. ह्या विचाराला नावं ठेवायला जागा नाही. भानगड झाली ती व्यवहारात.

१९७८ पासून निधीची वर्षाची रक्कम ९० कोटी डॉलर ठरली होती. दरवर्षी तेवढी रक्कम निधीच्या खात्यावर जमा दाखवली जायची. पण खर्च करायचा तर संसदेने त्या वर्षी वेगळी मंजुरी द्यायची. आपल्या संस्थेच्या भाषेत सांगायचं तर वहीत तुमच्या नावावर रक्कम लिहिलेली आहे, पण सभेत ठराव झाल्याशिवाय खजिनदार चेक फाडत नाही, आणि सभा दरवर्षी म्हणते, "यंदा निम्मेच घ्या, बाकी नड आहे." २०२० पर्यंतच्या चाळीसेक वर्षांत पूर्ण ९० कोटी मिळाले फक्त दोनदा. निधीच्या नावावर एकूण ४००० कोटी डॉलरच्या वर लिहिले गेले, हातात आले त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले २००० कोटींहून जास्त डॉलर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत विरघळले. चोरी नाही, घोटाळा नाही, सगळं कायदेशीर. म्हणूनच कुणाला धरता आलं नाही.

शिवाय निधीच्या कायद्याला मुदत होती. ३० सप्टेंबर २०१५ ला ती संपली, मग तीन वर्षांची तात्पुरती वाढ, २०१८ ला पुन्हा संपली. मार्च २०१९ मध्ये एकदाचा तो कायमचा झाला. पण कायम झाला तो निधी, त्याची रक्कम नव्हे. मंजुरीचं दार दरवर्षी ठोठवावं लागायचंच.

आता दुसरी बाजू बघू. जमीन घेतली, बाग केली, पण सांभाळायचं कोणी? २०१८ च्या सुमारास तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांचा डोंगर सुमारे १२०० कोटी डॉलरचा झाला होता. त्यात निम्मा भाग रस्ते-पूल वगैरेंचा. नवीन उद्यान जाहीर करताना फोटो निघतो, फीत कापली जाते. जुन्या गटाराचा पाइप बदलताना कोणता पुढारी येणार? ग्रँड कॅनियन ह्या जगप्रसिद्ध दरीतून जाणारी पाण्याची पाइपलाइन १९६० च्या दशकातली. २०१० पासून ती ८५ हून जास्त वेळा फुटली. अखेर २० कोटी ८० लाख डॉलरचं काम काढावं लागलं. आपल्याकडे होडीच्या फळीचं असंच असतं: वेळेवर कलफात न करता ओढत राहिलं की शेवटी फळीच बदलावी लागते, आणि हंगाम जातो तो वेगळाच.

मग ४ ऑगस्ट २०२० ला नवा कायदा आला, 'ग्रेट अमेरिकन आउटडोअर्स ॲक्ट'. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, जुन्या निधीचे ९० कोटी डॉलर दरवर्षी आपोआप मिळतील, ठरावाची वाट बघायची नाही. दोन, दुरुस्तीसाठी वेगळा निधी, वर्षाला जास्तीत जास्त १९० कोटी डॉलर, पाच वर्षं. त्यातला ७० टक्के हिस्सा राष्ट्रीय उद्यानांना. हा पैसाही सरकारी जमिनी आणि समुद्रातल्या तेल, वायू, कोळसा वगैरेंच्या उत्पन्नातून. वरच्या सभागृहात ७३ विरुद्ध २५ मतांनी तो पास झाला. गंमत अशी की ज्या सरकारने त्याआधीच्या अंदाजपत्रकांत हा जुना निधी जवळपास शून्यावर आणायचा प्रस्ताव मांडला होता, त्याच सरकारच्या राष्ट्राध्यक्षांनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी, ह्यावर सही केली. निवडणूक तीन महिन्यांवर होती आणि कायद्याचा पुढाकार घेणाऱ्यांपैकी दोन सिनेटर आपापल्या राज्यात अडचणीत होते. त्यातले एक निवडून आले, दुसरे पडले. पैसा मात्र सुटला.

दुरुस्ती निधीचं एक काम आपल्या ओळखीचं वाटेल. वॉशिंग्टन शहरात भरतीचं पाणी येणारं एक मोठं तळं आहे, 'टायडल बेसिन', काठावर जपानने १९१२ मध्ये भेट दिलेल्या चेरीच्या झाडांची परंपरा. तिथली दगडी संरक्षक भिंत चिखलात बसत बसत काही ठिकाणी पाच फूट खचली. दिवसातून दोनदा, भरतीला, पाणी तिच्यावरून पायवाटेवर यायला लागलं, झाडांच्या मुळांना पाणी लागलं. २०२४ मध्ये ११ कोटी ३० लाख डॉलरचं काम सुरू झालं. त्यासाठी दीडशेहून जास्त चेरीची झाडं तोडावी लागली, नवी लावायच्या बोलीवर. भिंत खचायला लागली तेव्हाच हात घातला असता तर किती झाडं वाचली असती, हे ज्याचं त्याने मनात धरावं.

पाच वर्षांनी डोंगर उतरला का? नाही. २०२३ मध्ये उद्यान सेवेचा आकडा सुमारे २३०० कोटी डॉलरवर गेला होता. काही वाढ मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे, काही महागाईने, काही खरोखरच्या झिजेने. दुरुस्ती निधीची पाच वर्षं ३० सप्टेंबर २०२५ ला पुरी झाली.

आता आपल्या मुद्द्यावर येऊ. तेल निघतं मुख्यतः मेक्सिकोच्या आखातातून. त्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणारे, कालवं काढणारे आपल्यासारखेच लोक राहतात. २०१० मध्ये 'डीपवॉटर होरायझन' ह्या तेलफलाटावर स्फोट झाला तेव्हा मासेमारी बंद ठेवावी लागली ती त्यांची. लुइझियाना राज्याने १९३० च्या दशकापासून जवळपास ४८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन पाण्यात गमावली आहे. आपला गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्याहून जास्त. कारणं अनेक, पण तेलवाल्यांनी पाणथळीतून खोदलेले कालवे त्यात आहेतच. २००६ च्या कायद्याने आखाती चार राज्यांना खोल समुद्रातल्या ठरावीक भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातला ३७.५ टक्के हिस्सा मिळतो, पण वर एकूण रकमेची मर्यादा घातली आहे. २०२० च्या चर्चेत लुइझियानाच्या सिनेटरांनी हाच प्रश्न लावून धरला: पैसा आमच्या समुद्राचा, मग डोंगरातल्या उद्यानांना इतका आणि खचणाऱ्या किनाऱ्याला इतकाच का? त्यांची दुरुस्ती मतदानालाही आली नाही. आमच्या मते प्रश्न रास्त होता. भारतातही मुंबई हायसारख्या समुद्रातल्या विहिरींची रॉयल्टी केंद्राकडे जाते. जमिनीवर तेल निघालं तर मात्र रॉयल्टी राज्याला.

ह्याच देशात एक छोटा निधी असाही आहे जो वर्षानुवर्षं अडला नाही. १९५० च्या कायद्याने हौशी मासेमारीच्या गळ-काठ्या, चक्र्या ह्यांवरचा दहा टक्के कर ह्या निधीला जोडला, पुढे १९८४ मध्ये मोटरबोटीच्या इंधनावरचा कर त्यात आला. हा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठीच मिळतो आणि निदान १५ टक्के होड्यांच्या सोयींवर, रॅम्प-धक्क्यांवर, खर्चावा लागतो. अट एकच, पण पक्की: राज्याने मासेमारी परवान्याची फी दुसरीकडे वळवली तर हा निधी बंद. कर भरणारा मच्छीमारच असल्यामुळे पैशावर नजर ठेवणाराही तोच. व्यावसायिक जाळ्यांवर हा कर नाही, तो हौशी गळवाल्यांचाच.

आपल्याकडे सरकारी अंदाजपत्रकाची कागदपत्रं कुणालाही बघता येतात. आपल्या बंदराचं काम ज्या खात्याखाली येतं, त्याच्या ओळीत तीन रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, आणि आधीच्या एका वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा. पेपरात येतो तो पहिला. सुधारित अंदाज पहिल्यापेक्षा खाली आलेला दिसला तर वर्षाच्या मध्येच कात्री लागली असं समजायचं, आणि काय हाती लागलं ते 'प्रत्यक्ष' रकान्यात. नवीन बांधकाम भांडवली खर्चात, रोजची देखभाल महसुली खर्चात, त्यामुळे दोन्ही ठिकाणी शोधायचं. संस्थेने निवेदन लिहिताना हे आकडे वर्षासकट घातले तर खात्याला उत्तरही वर्षासकट द्यावं लागतं.