हाकेच्या अंतरावर

पवित्र कुरआनमध्ये सूरह अल-बकराच्या 183 ते 187 या आयतींत रोजांचे नियम आले आहेत. रोजे कोणावर अनिवार्य, आजारी व प्रवासी यांना सवलत कोणती, रात्री वैध काय, हे सारे तेथे सांगितले आहे. या नियमांच्या मधोमध, आयत 186 मध्ये, विषय अचानक पालटल्यासारखा वाटतो. दासांनी प्रेषितांकडे अल्लाहविषयी विचारणा केली तर तो जवळच आहे व हाक मारणाऱ्याला उत्तर देतो, असा या आयतीचा आशय आहे.

याच सूरहमध्ये पुढे लोकांचे आणखी प्रश्न येतात: चंद्रकोरींविषयी (189), मद्य व जुगाराविषयी (219), अनाथांविषयी (220). तेथे प्रत्येक उत्तराआधी ‘कुल’, म्हणजे ‘सांगा’, हा शब्द आहे. आयत 186 मध्ये तो नाही. प्रश्न प्रेषितांना विचारलेला, उत्तर मात्र अल्लाह स्वतः देतो. दुआ करणारा दास व त्याचा स्वामी यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही, हे भाष्यकारांनी यावरून दाखवून दिले आहे. साधा अर्ज पुढे सरकवण्यासाठीही ओळखीचा माणूस शोधायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ही गोष्ट मनात सहज उतरत नाही. एका प्रवासात सहाबा मोठमोठ्याने तकबीर म्हणू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आवाज आवरण्यास सांगितले, ज्याला तुम्ही हाक मारता तो बहिरा नाही व दूरही नाही, हे त्यांनी समजावले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

आयतीचा उत्तरार्ध आपण बहुधा घाईने वाचतो. त्यात दासांनीही अल्लाहच्या हाकेला प्रतिसाद द्यावा, अशी अपेक्षा आहे. अल्लाहचे उत्तर व दासाचा प्रतिसाद, दोहोंसाठी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. आपल्या बोलण्यातला ‘जवाब’ही त्याच धातूचा. तेव्हा दुआचा जवाब आला की नाही हे विचारताना फजरच्या अजानला आपला जवाब काय होता, हेही आठवावे लागते.

तरीही एक प्रश्न उरतोच. आईच्या आजारपणात रात्ररात्र दुआ केली आणि दुखणे हटले नाही. मग तो जवळ आहे म्हणजे काय?

येथे ह. हाजरा (अ.) आठवतात. ओसाड खोरे, तान्हे बाळ, मशकीतले पाणी संपलेले. कोणी दिसते का हे पाहण्यासाठी त्या सफावर चढल्या, मग मरवावर; अशा सात फेऱ्या झाल्या. दोन्ही टेकड्यांवरून कोणीही दिसले नाही. पाणी निघाले ते बाळापाशी, जेथून त्या धावत निघाल्या होत्या तेथेच. आणि तरी ती धावपळ व्यर्थ ठरली नाही. हज व उमराह करणारा प्रत्येक जण आजही तीच सई करतो. याआधी, ह. इब्राहीम (अ.) त्यांना सोडून निघाले तेव्हा, त्यांनी एवढेच विचारले होते की हा अल्लाहचा आदेश आहे काय. होकार मिळताच त्या म्हणाल्या की मग तो आमची उपेक्षा करणार नाही. त्या वेळी जमजमचा थेंबही नव्हता.