पेट्रोलचा भाव आणि विजेची गाडी

अंगारकीला लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाड्यांची रीघ लागते. अलीकडे त्यात विजेच्या गाड्याही दिसतात. ना धूर, ना आवाज.

परवा आमचे एक शेजारी म्हणाले, "गुरुजी, विजेची गाडी घ्यावी म्हन्तो. एजंट सांगतोय, आजच घ्या, उद्या भाव चढंल. खरं का हो?"

आम्ही म्हणालो, "आधी भाव कसा ठरतो ते पाहू. मग ठरवा."

पंपावर आपण जो पैसा देतो, त्याचे चार वाटे होतात. पहिला तेलाचा. आपल्याला लागणारे बहुतेक खनिज तेल परदेशातून येते. दुसरा वाटा केंद्र सरकारच्या अबकारी कराचा. तिसरा पंपवाल्याच्या कमिशनचा. चौथा राज्य सरकारच्या व्हॅटचा. हा कर मुख्यतः टक्क्यांनी बसतो आणि त्यात अबकारी करही धरला जातो. म्हणजे करावर कर!

मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे 8 रुपये उतरवला. तेव्हा भाव साडेनऊ रुपयांनी उतरेल असे सांगण्यात आले, ते यामुळेच. जुलै 2022 मध्ये आपल्या राज्यानेही पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 3 रुपये उतरवले. आपले टोमॅटो नारायणगावच्या बाजाराला नेणारा टेंपो डिझेलवरच चालतो. तेव्हा हा कर सर्वांच्याच घरात येतो. रस्ते, शाळा, दवाखाने यांना पैसाही करातूनच मिळतो, हेही विसरू नये.

विजेच्या गाडीचा कारभार उलटा. तिथे सरकार कर कमी घेते. 1 ऑगस्ट 2019 पासून तिच्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पेट्रोलच्या लहान दुचाकीवर तो 28 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला. म्हणजे दोघींतले अंतर कमी झाले.

शिवाय सरकार मदतही देते. पण मदत कायमची नसते. जून 2023 मध्ये केंद्राने दुचाकीची मदत घटवली. मे महिन्यात खरेदीची झुंबड उडाली. जूनमध्ये खप निम्म्याच्या आसपास आला. नॉर्वे देशात विजेच्या मोटारींना करात मोठी सूट दिली. तिथे 2024 साली दर 10 नव्या मोटारींपैकी जवळजवळ 9 विजेच्या होत्या. लोकांचे मन कर असे वळवतो.

तेव्हा एजंटचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. पण घाईने हिशेब चुकतो. शेजाऱ्यांनी पाटी घेतली. त्यांना महिन्याला 8 लिटर पेट्रोल लागते. म्हणजे हजाराच्या आत खर्च. नव्या गाडीचा हप्ता 3,000 रुपये. त्यांनी थांबायचे ठरवले. त्यांचा पुतण्या रोज नारायणगावला जातो. त्याचा हिशेब वेगळा निघाला. त्याने गाडी घेतली. दोघांचेही बरोबर!

मंडळी, गाडी घेताना बिल स्वतः वाचा. कर किती, मदत किती वजा केली, ते विचारा. बॅटरीची हमी किती वर्षांची, ते लिहून घ्या. वाचता येते, मग दुसऱ्याच्या तोंडावर का विसंबावे?

अभ्यास
1. पेट्रोलच्या भावाचे चार वाटे कोणते?
2. तुमच्या घरी महिन्याला पेट्रोलवर किती खर्च होतो? वहीत मांडा.